न झालेल्या लढतींचा हंगाम

काजूचा हंगाम मला आवडत नाही. आमच्याकडे हे मोठ्याने बोलायची सोय नाही, कारण अर्ध्या गावाची चूल काजूवर पेटते. पण चाळिशी आली, आता आवडीनिवडी लपवून करायचंय काय. झाडाखाली पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, दोन दिवसांत नासतात आणि त्यांचा गोडसर, आंबूस, डोकं उठवणारा वास कपड्यांना, केसांना, पानातल्या भातालासुद्धा येतो. बी पिळून काढताना चीक बोटांना लागतो आणि आठवड्याभरात कातडी सोलवटते. खोबरेल लावा, राख लावा, एप्रिल-मे हे दोन महिने बोटं दुसऱ्या कुणाची असल्यासारखी वाटतात.

आई गेल्यापासून दर एप्रिलला मी खारेपाटणहून, म्हणजे सासरहून, मसुऱ्याच्या अलीकडे असलेल्या आमच्या वाडीत येते. लोक याला माहेरपण म्हणतात. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकटे, आणि मी त्यांची एकुलती एक. काजू काही आपण होऊन घरात चालत येणार नाहीत. माझा नवरा भला माणूस आहे. दोन महिने हाताने भात रांधून खातो आणि कुरकुरत नाही.

यंदा आले त्याच दुपारी मी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बोंडू पिळत बसले होते. बाबा माटवाखाली, मांडवाच्या सावलीत, खुर्चीत, हातात मीच घेऊन दिलेला मोबाइल. कुठल्याशा देशातली मुलींची बॉक्सिंगची लढत चालू होती. आपल्याकडची एक पोरगी, वीस-बावीस वर्षांची, निळ्या कपड्यांत, सुरेख लढत होती. शेजारचे तात्या वाटेने चालले होते, त्यांना बाबांनी हाक मारून मोबाइल दाखवला आणि म्हणाले, "ह्या बरा खेळता. पण आमच्या चेडवान हेका तिसऱ्या राउंडात पाडल्यान असता."

"व्हय तर," तात्या म्हणाले आणि आपल्या वाटेने गेले.

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. माझा एक गुडघा पायऱ्या चढताना वाजतो. शेवटचा ठोसा मारला त्याला तेवीस वर्षं झाली. तरी बाबांच्या तोंडी मी अजून सतरा वर्षांची आहे, आणि कुणाला हार न जाणारी आहे. हातातला बोंडू चिरडला गेला आणि रस कोपरापर्यंत ओघळला. मी उठून हात धुऊन आले आणि पुन्हा बसले.

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं म्हणून मराठी माणूस जर-तरच्या गप्पांचा निकाल लावून टाकतो. आमच्या घरात मात्र आत्याबाईच्या मिशांवर माझं अख्खं लहानपण गेलं.

बाबांनी जन्मात कधी ग्लोव्ह घातला नाही. त्यांना बॉक्सिंगचं वेड लावलं पेद्रूकाकाने. पेद्रूकाका मालवणच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती वाडीतला, बाबांचा शाळासोबती. बोटीवर खानसामा होता. दहा महिने समुद्रावर आणि दोन महिने घरी, आणि घरी यायचा तो नेमका काजूच्या दिवसांत. तरुणपणी मुंबईच्या गोदीत काम करताना तो खरोखर बॉक्सिंग खेळला होता. डावीकडे वळलेलं त्याचं नाक त्याची साक्ष होतं. येताना ट्रंकेत साबण, चॉकलेटं आणि बंदराबंदरांत घेतलेली बॉक्सिंगची मासिकं असायची. पुढे व्हिडिओ कॅसेटी आल्या. आठवड्यातून तीन दिवस तो सकाळच्या एसटीने आमच्याकडे यायचा, बोंडू पिळायला मदत करतो म्हणायचा आणि दोन मुठी पिळून गप्पा मारत बसायचा.

त्या मासिकांतल्या माणसांची खरी नावं आमच्या खळ्यात कुणी घेतली नाहीत. एक तर ती जिभेला वळायची नाहीत. शिवाय आपल्या माणसाला आपण आपल्याच नावाने हाक मारतो. पायांवर भिरभिरणारा तो 'नाचरो'. चार ठोसे खाऊन खडकासारखा जागचा न हलणारा तो 'खडप'. हातातून निसटणारा तो 'बांगडो'. वय उलटून गेल्यावर पुन्हा रिंगणात उतरलेला तो 'म्हातारो'. आणि सगळ्यांत जुना, पिवळ्या पडलेल्या फोटोत मिशा पिळून, दोन्ही मुठी उलट्या धरून उभा असलेला तो 'खोत'. यांतले काही मी जन्मायच्या कितीतरी आधी मेलेले. खोताने नाचऱ्याला पाहिलं असणं शक्यच नव्हतं. म्हणूनच तर त्यांच्या लढती आमच्याकडे लागायच्या.

लढत लागायची म्हणजे बाबा एकाची बाजू घ्यायचे, पेद्रूकाका दुसऱ्याची. आधी कायदा ठरायचा. ग्लोव्ह कुठल्या काळातले, जुने हलके की नवे जाड? राउंड पंधरा की बारा? खोताच्या काळी तर म्हणे एक जण पडेपर्यंत चालायचं, मग त्याला बारा राउंडांत बसवायचा कसा? यावर अर्धी दुपार जायची. मग पेद्रूकाका उठून उभा राहायचा. दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा हा माणूस हात जोडून आमच्या गावकऱ्यांसारखं गाऱ्हाणं घालायचा: "बा देवा म्हाराजा, आज ह्या खळ्यात खोत आणि नाचरो झुंजाक इले आसत. खंयच्या काळातलो खंय इलो, ता तू बगू नको. दोघांका सारख्या वयाचे कर, सारख्या अंगाचे कर, आणि जो खरो तेका यश दी रे म्हाराजा." बाबा, मी आणि चुलीपाशी बसलेली आईसुद्धा म्हणायची, "व्हय म्हाराजा."

दोघांपुढे एकेक करवंटी असायची. एकेक राउंड बोलून दाखवायचा, दुसऱ्याने तो खोडायचा, आणि पटलाच तर समोरच्याच्या करवंटीत काजूची एक बी टाकायची. पटायचं क्वचित. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात; पण दोघं जेवायला बसल्यासारखे तुटून पडायचे. बांगड्याचं पायाचं दुखणं लढतीत धरायचं की नाही, कारण ते त्याला तिशीनंतर जडलं, यावरून त्यांनी एकदा चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी पेद्रूकाका सुके बांगडे घेऊन आला आणि आईने ते भाजले. मजा होती, हे मी नाकारत नाही. आज त्या मजेची चीड येते म्हणून ती खोटी ठरत नाही, आणि हेच मला जास्त जाचतं.

मी तेरा वर्षांची असताना एक लढत अडली. नाचऱ्याचा डावा हात खडपाच्या आडव्या धरलेल्या हातांमधून आत जाईल की नाही? बाबा म्हणत जाईल, पेद्रूकाका म्हणे त्रिकाळात जाणार नाही. बोलून निकाल लागेना तेव्हा बाबांनी मला उठवलं. "गो बाय, हयसर ये. तू नाचरो हो."

पेद्रूकाका खडप झाला. पाय कसे ठेवायचे, खांदा कसा फिरवायचा, हे त्यानेच दाखवलं आणि म्हणाला, "मार बगूया." मी मारला. हात आत गेला आणि त्याच्या वाकड्या नाकावर बसला. तो मटकन खाली बसला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तसाच हसायला लागला. "गेलो मगे हात," तो बाबांना म्हणाला. "तुजी बी घे." बी बाबांच्या करवंटीत पडली.

पुढचे चार हंगाम मी त्यांचा पुतळा होते. नाचरो, बांगडो, म्हातारो, लागेल तो. खोतासारख्या उलट्या मुठी धरून मी एकदा दुपारभर उभी होते, कारण त्या मुठींनी पोट झाकतं का, हे बघायचं होतं. मेलेल्या पुरुषांच्या लढती माझ्या अंगावर लढल्या गेल्या. त्यात मी शिकत गेले, हे बाबांच्या लक्षात आलं नाही, पेद्रूकाकाच्या आलं. एक दिवस तो माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "ह्या नाचऱ्यासारखे पाय टाकणा नाय. ह्येचे पाय ह्येचेच आसत." बाबा म्हणाले, तसं असेल तर राउंड रद्द.

मी अकरावीत गेले त्या वर्षी पेद्रूकाका बोट सोडून कायमचा घरी आला. मालवणला कॉलेज सुटलं की मी त्याच्या वाडीत जायची. फाटक्या जाळ्यात नारळाची सोडणं, म्हणजे वरची वाळकी सालं, कोंबून त्याने एक पिशवी केली होती आणि ती दारच्या आंब्याला टांगली होती. सोडणांनी बोटांची सालटी निघायची, म्हणून जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधून मी मारत राहायची. वाऱ्याने पिशवी हलली की तो ओरडायचा, "बग, ता तुका मारूक येता." मग पाचच्या एसटीने घरी. एसटीत माझ्या हातांना घामाचा आणि नारळाचा वास येत असायचा. तो वास मला आवडायचा.

खऱ्या लढती मी एकूण चार खेळले. दोन जिल्ह्याला, दोन विभागाला. चारही जिंकले, पण ही फुशारकी नव्हे. आमच्या वजनात तेव्हा मुलीच मिळायच्या नाहीत. पहिल्या लढतीत सावंतवाडीकडच्या एका मुलीने माझ्या नाकावर दिलेला ठोसा मला अजून जसाच्या तसा आठवतो. कुठल्याच मासिकात ते लिहिलेलं नव्हतं. आधी आवाज येतो, आपल्याच डोक्याच्या आतून. मग डोळे भरतात. मग कळतं की आपण अजून उभे आहोत, आणि समोरची मुलगीही आपल्याइतकीच घाबरलेली आहे. त्या वेळी मला जे वाटलं त्याला मी आनंदच म्हणेन. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वाट्याचे ठोसे खाल्ले होते, हा माझ्या नावावर आला होता. नाकातून थोडं रक्त आलं, ते मी आईला सांगितलं नाही.

बाबा चारांपैकी एकाही लढतीला आले नाहीत. शेतात काम होतं, गुरं होती, एसटीचा भरवसा नव्हता. घरी आल्यावर मात्र मला समोर बसवून एकेक राउंड ऐकायचे. "मगे? मगे डावो कित्याक मारूक नाय तू?" खरी लढत बघायला त्यांना कुडाळपर्यंत येता आलं नाही आणि तिची गोष्ट त्यांनी चार-चार वेळा ऐकली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दोन काळांतल्या माणसांना समोरासमोर आणण्यात एक मोठी सोय असते. कुणाचं नाक फुटत नाही. ज्यांच्याबद्दल आपण बोलतो ते उठून सांगायला येत नाहीत की बाबांनो, मी असा नव्हतो, मी त्या दिवशी रडलो होतो. आमच्याकडे हे सगळ्याच बाबतीत चालतं. आत्ताच्या दशावतारातला राजा आणि तीस वर्षांपूर्वीचा राजा, दोघांना एका बाकड्यावर बसवून कोण सरस, हे लोक जत्रेच्या वाटेवर ठरवतात आणि समोर जो खेळ चालू असतो त्यात घोरतात. मीही घोरले आहे, त्यामुळे फार बोलत नाही.

बारावीची परीक्षा संपली आणि एप्रिलमध्ये कागद आला. राज्याच्या संघासाठी पुण्याला तीन आठवड्यांचं निवड शिबिर. सोबत संमतीपत्र, त्यावर पालकांची सही हवी.

त्या दिवशी बाबांचा आनंद खळ्यात मावेना. पेद्रूकाकाला बोलावणं गेलं. दुपारभर दोघांनी मला लढवली. नागपूरची मुलगी कशी असेल, मुंबईची कशी असेल, त्यांच्यापुढे मी कशी. मग बांगड्याचा वेग माझ्या अंगात घालून झाला, म्हाताऱ्याची अक्कल माझ्या डोक्यात घालून झाली. तिन्हीसांजेपर्यंत माझी करवंटी शिगोशीग भरली होती. कागद तिथेच पाटावर होता, पेन बाबांच्या खिशात होतं. सही झाली नाही.

आईने विरोध केला, आणि उघड केला. "नाक मोडला तर?" ती म्हणाली. "पेद्रूचा बगलंस मा? चेडवाच्या जातीक असला नाक घेवन कोण करून घेतलो?" मी तिच्याशी कचाकचा भांडले. तीही भांडली, ताटं आदळली. आज आईबद्दल माझ्या मनात किल्मिष नाही ते यामुळेच. तिला भीती होती आणि ती तिने माझ्या तोंडावर सांगितली. बाबा तिला म्हणायचे "बगूया" आणि मलाही म्हणायचे "बगूया". असे सहा दिवस बघून झाल्यावर ते म्हणाले, "देवीक इचारूया."

आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं देवीला विचारतात. गुरव देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. यालाच कौल म्हणतात. खोत आणि नाचऱ्याच्या लढतीचा कौल लावू या, असं पेद्रूकाकाने एकदा सुचवलं होतं, तेव्हा बाबा चटकन म्हणाले होते, "नको रे. ती खरा सांगतली. मगे आमी बोलूचा काय?"

देवळात मी, बाबा आणि गुरव, तिघंच होतो. गुरवाने विचारलं, चेडवाला पुण्याला धाडावं काय? बराच वेळ काही पडलं नाही. मग उजवी पाकळी सुटली. "उजवो दिल्यान," गुरव म्हणाला. माझे पाय तिथल्या तिथे हलायला लागले.

"परत इचार," बाबा म्हणाले. "सुखरूप येतला काय, ता इचार." पुन्हा उजवी.

बाबा थोडा वेळ देवीकडे बघत राहिले. मग हात जोडून म्हणाले, "काजीचे दिवस आसत, तेच्या आवशीक बरा नाय. चेडू ह्या वर्सा घराक रवला तर बरा मा, ता इचार."

गुरवाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली.

देवी तिन्ही वेळा हो म्हणाली. बाबांनी त्यातलं शेवटचं हो घेतलं आणि नारळ फोडला. देव देतो आणि कर्म नेतं, असं म्हणतात. माझ्या कर्माला मी कशाला बोल लावू. देवीने दिलेलं माझ्या बापाने नेलं, तेही तिलाच साक्षीला ठेवून. आणि आईला काही झालेलं नव्हतं. त्याच सकाळी तिने विहिरीवरून बारा कळशा पाणी आणलं होतं.

आता पेद्रूकाका लढेल, अशी माझी आशा होती. तो आला. बाबांनी सांगितलं, "देवीन रवाक सांगल्यान." पेद्रूकाका टोपी हातात फिरवत बसून राहिला. तो ख्रिस्ती, आमच्या देवीच्या शब्दापुढे तो काय बोलणार, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. पण हाच माणूस दर हंगामाला आमच्या खळ्यात गाऱ्हाणं घालत होता. जाताना मला म्हणाला, "बाये, तुजो बापूस तो. मी कोण?"

जिल्ह्यातल्या मुली पुण्याला निघाल्या त्या सकाळी मी खळ्यात बोंडू पिळत होते. पेद्रूकाका त्याही दिवशी आला. दोघांनी दोन मुठी बोंडू पिळले. मग एकाने हळूच विषय काढला आणि दहा वाजेपर्यंत खडप आणि म्हातारो यांची जुंपली. ग्लोव्ह कुठले, राउंड किती, खडपाची हनुवटी मोडण्याआधीची धरायची की नंतरची. त्या खळ्यात लढायच्या वयातली एकच जिवंत बॉक्सर होती आणि ती त्यांच्यापासून चार हातांवर बसली होती. अकराव्या राउंडाला बाबांनी हाक मारली, "गो बाय, जरा उठ, खडपासारखी उबी रव." मी उठले नाही. ते म्हणाले, "दमला आसात," आणि स्वतःच उठून उभे राहिले.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बाबांची सही मला येत होती. प्रगतिपुस्तकावरच्या अर्ध्या सह्या मीच केलेल्या, कारण ते शेतात असायचे आणि म्हणायचे, "कर तूच." शिबिराचा कागद आठ दिवस माझ्या उशाखाली होता. दोन रेघा ओढायच्या होत्या आणि सकाळची एसटी पकडायची होती. मी ओढल्या नाहीत. ती सही मला त्यांच्या हातची हवी होती. आज त्या सतरा वर्षांच्या मुलीचा मला राग येतो, बाबांचा येतो त्यापेक्षा फार कमी नाही.

दोन वर्षांनी खारेपाटणची माणसं बघायला आली. मुलगी नाकीडोळी नीटस आहे, असा त्यांनी निरोप पाठवला. आईने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

पेद्रूकाका तीन वर्षांपूर्वी गेला. शेवटच्या दुखण्यात मी त्याला भेटायला गेले होते. त्याची सून चहा करायला आत गेल्यावर तो म्हणाला, "माका तेवा बोलूक व्हया होता गो." एवढंच. परत येताना एसटीत मला हलकं वाटलं. एक वाक्य माणसाला किती पुरतं, हे मला तेव्हा समजलं.

तेवढंच वाक्य मला बाबांकडून हवं आहे. शिबिर नको, पदक नको. "माजा चुकला," एवढे दोन शब्द. दर एप्रिलला काजूच्या नावाने मी येते ती त्यासाठी, हे आता कबूल करायला हरकत नाही. बाबांचे हंगाम मोजकेच उरले आहेत, आणि ते माणसांना सांगतात ते वेगळंच. आपल्या मुली परदेशात जिंकायला लागल्या तेव्हापासून त्यांच्या यादीत नाचऱ्या-खडपाच्या जोडीला मी आले. आमच्या चेडवाने हिला पाडली असती, तिला लोळवली असती. मग धाडलं का नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणतात, "देवीन डावो दिल्यान." खोटं बोलतायत असंही नाही. त्यांना ते तसंच आठवतं. गुरव वारला; तीन उजव्या पाकळ्या पाहिलेली आता मी एकटीच.

परवा दुपारी पुन्हा मोबाइल लागला होता. तीच निळ्या कपड्यांतली पोरगी. या वेळी ती हरत होती. दुसऱ्या राउंडला तिला एक सणसणीत बसला, ती गुडघ्यावर आली, पंच आकडे मोजायला लागला. आठाला ती उठली. तोंडावर रक्त होतं आणि ती मान हलवून सांगत होती की मी ठीक आहे. बाबा चुकचुकले. "तुका कोणी असा पाडल्यान नसता," ते मला म्हणाले.

मी हातातला बोंडू खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, तुमी सही कित्याक करूक नाय?"

"देवीन डावो..."

"देवीचा ऱ्हवांदे. तिना काय दिल्यान ता माका म्हायत आसा. तुमचा सांगा."

चिडतील असं वाटलं होतं, पण चिडले नाहीत. खूप वर्षं कुणी विचारलं नव्हतं आणि आता विचारलं, म्हणून त्यांना बरंच वाटलं असावं.

"गेली असतंस तर खंयतरी पडली असतंस," ते म्हणाले. "पुण्याक नाय तर फुडे. सगळे पडतत गो. नाचरो पडलो, खडप पडलो. तुका पडलेला बगूक माका जमणा नाय. आता बग, इतकी वर्सा झाली. तुका कोण पाडूक शकलो?"

त्यांचा आवाज मऊ होता. ते मायेने बोलत होते, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि त्याने मला जितकं लागलं तितकं काही कधी लागलं नव्हतं. तेवीस वर्षं मी ज्या चुकीच्या कबुलीची वाट बघत होते ती त्यांच्या लेखी चूक नव्हतीच. त्यांनी मला वाचवलं होतं. मोबाइलमध्ये ती पोरगी तोंडावरचं रक्त मनगटाने पुसून पुन्हा पुढे सरकत होती, आणि मला तिचा फार हेवा वाटला.

"माका पडूचा होता, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी मोबाइल मांडीवर उलटा ठेवला. माझं बोलणं त्यांनी नीट ऐकलं होतं. कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "कितव्या राउंडात?"